गोठ्यातून टेबलावर

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मी रुजू झालो तेव्हा आवारात एक लाकडी खोडा होता, आत औषधांचं कपाट होतं आणि लिहायला एक टेबल होतं. खोड्यात बैल आणि म्हशी उभ्या राहत. कुत्र्यासाठी काहीच सोय नव्हती. चिकोडी भागातल्या त्या गावात एखाद्यानं कुत्रं आणलंच, तर टेबलावरच्या वह्या बाजूला सारायच्या, पोतं अंथरायचं आणि मालकाला सांगायचं, "तोंड घट्ट धरा." मराठी बोलणारे मला 'ढोरांचा डॉक्टर' म्हणत, कन्नड बोलणारे 'दनद डॉक्टर' म्हणत. अर्थ एकच. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरला दोन्ही भाषांत वेगळं नाव नव्हतं, कारण तसा माणूस आमच्या भागात कुणी पाहिलेलाच नव्हता.

आज बेळगावात टिळकवाडीत किंवा निपाणीच्या पेठेत संध्याकाळी कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्याच्या बाकावर बसायला जागा मिळत नाही. मांडीवर पर्शियन मांजर घेतलेली कॉलेजातली मुलगी, लॅब्रॅडोरला धरून उभे असलेले निवृत्त सुभेदार, मळ्यावरचं कुत्रं मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलेला शेतकरी, सगळे एकाच रांगेत. टेबल आता स्टीलचं आहे. पुढची पानं या टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाविषयी आहेत: तो काय शिकून येतो, कशात रस घेतो, कोणत्या प्रश्नांनी त्याची झोप उडते.

आधी शब्दाचा घोळ मिटवतो. 'लहान प्राणी' म्हणताना पशुवैद्य आकार मोजत नाही. ग्रेट डेन जातीचा कुत्रा शेळीपेक्षा जड भरतो, तरी तो लहान प्राण्यांत मोडतो आणि शेळी मोडत नाही. खरा फरक माणसाशी असलेल्या नात्याचा आहे. गोठ्यातल्या जनावराच्या उपचाराला दुधाचा, ओढकामाचा, बाजारभावाचा हिशेब असतो, आणि तो रास्त आहे, कारण त्यावर घर चालतं. म्हैस आजारी पडली की शेतकरी विचारतो, "उठंल का?" कुत्रं आजारी पडलं की तोच शेतकरी विचारतो, "त्याला झालंय काय?" या दुसऱ्या प्रश्नातून एक सबंध शास्त्र उभं राहिलं. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, हृदयाचा इको, डोळ्याची शस्त्रक्रिया, कर्करोगाची औषधं हे सगळं 'काय झालंय' हे जाणून घेण्याच्या हट्टातून आलं.

आपल्याकडे ते उशिरा आलं, त्याला इतिहास आहे. मुंबईत परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये निघालं, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांच्या रुग्णालयाच्या आधारानं. त्या काळी मुंबईची ट्रॅम घोडे ओढत होते आणि माल बैलगाड्यांतून जात होता. पुण्यात १८८९ मध्ये जीवाणूशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली, ती पुढे १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलली. तिच्यापुढचा मोठा शत्रू होता बुळकांड्या. गावंच्या गावं गुरांविना करणारा तो रोग जगातून गेला असं जाहीर व्हायला २०११ उजाडलं. ज्या देशाची शेती बैलांच्या खांद्यावर होती, तिथल्या पशुवैद्यानं आधी बैल पाहिला यात गैर काही नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की कुत्रा आणि मांजर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या बाकावर बसले.

आजच्या विद्यार्थ्याची वाट कशी आहे, ते थोडक्यात सांगतो. बारावीनंतर साडेपाच वर्षांची बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. मग दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी., आणि संशोधनाची ओढ असेल तर पुढे पीएच.डी. निपाणीचं पोर महामार्गावर उभं राहिलं की उत्तरेला शिरवळचं महाविद्यालय आहे, १९८८ पासूनचं, नागपूरच्या विद्यापीठाच्या छत्राखालचं. दक्षिणेला बेंगळुरूत हेब्बाळचं महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं, आता बीदरच्या विद्यापीठाच्या छत्राखाली. आपल्याच बेळगाव जिल्ह्यात अथणी तालुक्यात कोकटनूरलाही आता महाविद्यालय झालं आहे. एकाच रस्त्यानं दोन राज्यांच्या विद्यापरंपरा जोडाव्यात, ही महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाची श्रीमंती आहे. शिरवळला शिकलेला आणि हेब्बाळला शिकलेला असे दोन पशुवैद्य निपाणीत एका केसवर बोलायला बसतात तेव्हा ती दिसते.

मात्र पदव्युत्तर शिक्षणाचे विषय अजून वैद्यक, शल्यचिकित्सा व क्ष-किरण, प्रजनन असे शाखेप्रमाणे पडतात, प्राण्याप्रमाणे पडत नाहीत. अमेरिकेत प्राण्यांच्या अंतर्गत वैद्यकाचं विशेषज्ञ-मंडळ १९७२ मध्ये स्थापन झालं आणि पुढे त्यातूनच हृदय, मेंदू, कर्करोग अशा शाखा फुटल्या. आपल्याकडे वैद्यकात एम.व्ही.एस्सी. झालेला डॉक्टर सकाळी म्हशीचं पोट आणि दुपारी पामेरियनचं हृदय तपासतो. यात उणीव आहे, पण बळही आहे. गुरांत काम केलेल्याचा हात पारखी असतो, यंत्र लावण्याआधी त्याला निम्मं कळलेलं असतं. विशेषज्ञ व्हायला या हाताचा त्याग करावा लागू नये, असं मला वाटतं.

आता मी मुधोळच्या कुत्र्याकडे येतो, कारण सीमाभागात लहान प्राण्यांच्या वैद्यकाचा सगळ्यात मोठा धडा मला त्यानं दिला.

घटप्रभेच्या काठानं गोकाकवरून खाली गेलं की मुधोळ लागतं. घोरपड्यांचं संस्थान. तिथल्या राजेसाहेब मालोजीराव घोरपडे यांनी या शिकारी कुत्र्याची पैदास जपली आणि त्याला संस्थानाचं नाव मिळालं. त्याच्याच घराण्यातल्या कुत्र्याला आपले धनगर आणि शेतकरी 'कारवान' म्हणतात. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, अंगावर चरबी जवळजवळ नाही. २००५ मध्ये टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं, २०१६ मध्ये सैन्यानं काही पिल्लं मेरठला प्रशिक्षणाला नेली. मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं राजपालयम आणि चिप्पीपराई यांच्याबरोबर मुधोळ हाउंडलाही देशी जात म्हणून नोंदवलं आहे. हा झाला गौरव. दवाखान्यातली गोष्ट वेगळी आहे.

एकदा रायबागकडच्या एका शेतकऱ्यानं असा एक कुत्रा माझ्याकडे आणला. पळत नाही, लवकर दमतो, एवढीच तक्रार. रक्त लॅबला पाठवलं. तांबड्या पेशींचं प्रमाण आलं ३९ टक्के. लॅबच्या कागदावर उजवीकडे छापलेलं असतं: कुत्रा, ३७ ते ५५. म्हणजे ठीक. मी जंताचं औषध आणि टॉनिक देऊन परत पाठवला. तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. रक्ताच्या काचपट्टीवर तांबड्या पेशींमध्ये बबेसिया या परजीवीचे बारीक ठिपके दिसत होते. उपचार केले, पण उशीर झाला होता. त्या दिवशी मी कागद वाचला होता, म्हणून कुत्रा वाचला नाही.

नंतर वाचनात आलं ते असं. ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या जातींत तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असतात, ५० ते ६० टक्के हे त्यांना नेहमीचं. प्लेटलेट कमी असतात. थायरॉइडचा आकडाही कमी येतो, आणि तो पाहून निरोगी कुत्र्याला आयुष्यभराच्या गोळ्या सुरू होण्याचा धोका असतो. चरबी कमी आणि यकृताचं काम वेगळं, म्हणून थायोपेन्टोन देऊन गुंगी आणली तर ते फार वेळ शुद्धीवर येत नाहीत. मुधोळ याच बांध्याचा. माझ्या त्या कुत्र्याचे ३९ टक्के हे कदाचित निम्मं आजारपण होतं.

'कदाचित' हा शब्द इथे मुद्दाम लिहिला आहे. मुधोळचे स्वतःचे आकडे नेमके कुठून कुठपर्यंत, हे ग्रेहाउंडवरून अंदाजानं ठरवायचं नसतं. त्यासाठी निदान १२० निरोगी कुत्र्यांचं रक्त घ्यावं लागतं, वय, नर-मादी, ऋतू, खुराक यांची नोंद करावी लागते. हे काम चिकोडी, रायबाग, जत, मुधोळ या पट्ट्यातच होऊ शकतं, कारण कुत्रे इथे आहेत. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, संशोधनाला विषय शोधत लांब जाऊ नका. लॅबच्या कागदावर 'मुधोळ' असा एक स्वतंत्र रकाना छापला गेला, तर किती कुत्रे वाचतील याचा हिशेब करा.

दुसरा विषय भिंतीच्या भेगेत राहतो. तपकिरी गोचीड कुत्र्याचं रक्त पिऊन खाली उतरते, भिंत चढते, दगडाच्या सांध्यात हजारो अंडी घालते आणि मरते. तिच्यातून पसरणारा एर्लिकिया हा जंतू १९३५ मध्ये अल्जीरियात पहिल्यांदा वर्णिला गेला, आणि व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे शेकडो लष्करी कुत्रे त्यानं घेतले. आमच्याकडे त्याला 'गोचीड ताप' म्हणतात. कुत्रं खात नाही म्हणून आणलं जातं. उताणं करून पाहिलं तर पोटाच्या उघड्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके असतात. बोट दाबलं तरी ते फिके होत नाहीत, कारण ते रक्त कातडीखाली सांडलेलं असतं. प्लेटलेट दोन लाखांच्या वर हव्यात, त्या वीस हजारांवर आलेल्या. औषध स्वस्त आहे, डॉक्सिसायक्लिन, पण ते २८ दिवस द्यायचं असतं. पाचव्या दिवशी कुत्रं भाकरी खायला लागतं. सहाव्या दिवशी मालक गोळी बंद करतो. तीन महिन्यांनी तेच कुत्रं नाकातून रक्त गळत परत येतं. या आजाराचा विशेषज्ञ होणं म्हणजे सूक्ष्मदर्शकाइतकंच मालकाशी बोलायला शिकणं. घराच्या भिंती लिंपल्या का, अंथरूण उन्हात टाकलं का, हे विचारायला शिकणं.

मांजराचं प्रकरण पुढे सविस्तर येणारच आहे, म्हणून एकच सांगतो. मांजर हे लहान कुत्रं नव्हे. माणसाची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, मांजराच्या यकृताला मोडून बाहेर टाकता येत नाही. अर्धी गोळी दिली तरी तोंड सुजतं, हिरड्या चॉकलेटी रंगाच्या होतात आणि जीव जातो. प्रेमानं औषध देऊन मांजर गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं, एवढाच त्यांचा दोष.

तिसरा विषय निपाणीचाच आहे. या गावाचं नाव १९८१ च्या तंबाखू आंदोलनानं देशभर गेलं. वखारीत चाळणी सुरू झाली की धूळ रस्त्यापर्यंत येते. बायका तोंडाला पदर बांधून काम करतात आणि संध्याकाळी तीच धूळ लुगड्यावर घेऊन घरी जातात. माणसांच्या खोकल्याबद्दल इथे बोललं गेलं आहे. घरातल्या मांजराबद्दल कुणी विचारलेलं मला आठवत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांनी दाखवलं की धूम्रपान चालणाऱ्या घरातल्या मांजरांना लिम्फोमा या कर्करोगाचा धोका दुपटीहून जास्त असतो. मांजर दिवसभर अंग चाटतं, आणि केसांवर बसलेलं सगळं पोटात जातं, असा त्यामागचा विचार आहे. त्याआधी १९९८ मध्ये कोलोरॅडोतल्या एका अभ्यासात अशा घरांतल्या लांब तोंडाच्या कुत्र्यांमध्ये नाकाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. लांब नाक म्हणजे लांब गाळणी, धुरातलं बरंच काही तिथेच अडकतं.

हे वाचलं तेव्हा मी उठून खिडकीत उभा राहिलो. लांब नाकाचा कारवान, तंबाखूची वखार, विडी, हे सगळं एकत्र असलेलं गाव जगात दुसरं कुठे असेल? धूळ आणि धूर एक नव्हेत, त्यामुळे तिकडचा निष्कर्ष जसाच्या तसा इकडे लावता येणार नाही. पण विचारायला तर हवं. माझ्या केसपेपरवर नाव, वय, जात, लसीकरण हे रकाने होते. 'घरात तंबाखूचं काम चालतं का?' हा प्रश्न तीस वर्षांत मी एकदाही लिहिला नाही. एखाद्या तरुण डॉक्टरनं उद्यापासून तो विचारायला घेतला, तर दहा वर्षांत कुत्र्या-मांजरांबरोबर त्या वखारीतल्या बायकांनाही उपयोगी पडेल अशी माहिती हाती येईल.

माणसाचं आणि प्राण्याचं वैद्यक असं एकमेकांत गुंतलेलं असतं, हे बेळगावला नव्यानं सांगायला नको. टिळकवाडीतल्या ज्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली लोक आज सकाळी फिरायला जातात, तिथे एके काळी देवीची लस तयार होत असे. आणि देवीची लस त्या काळी वासरांच्या कातडीवर वाढवली जाई.

रेबीजबद्दल लिहिल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की लोकांना चावत सुटलेलं कुत्रं आठवतं. दवाखान्यात येणारं बरेचदा तसं नसतं. ते गप्प असतं. खालचा जबडा लोंबत असतो, लाळ गळत असते, आणि मालक सांगतो, "डॉक्टर, घशात हाडूक अडकलंय बघा." त्यानं स्वतः दोनदा हात घालून पाहिलेलं असतं. या क्षणी पशुवैद्याला एकाच वेळी तीन कामं करावी लागतात. कुत्र्याला वेगळं ठेवायचं, मालकाला घाबरं न करता लगेच माणसांच्या दवाखान्यात पाठवायचं, आणि घरात अजून कुणाकुणाला लाळ लागली ते शोधायचं. नक्की निदान मेंदूच्या ऊतीवरूनच होतं. हेब्बाळच्या महाविद्यालयातली रेबीज प्रयोगशाळा जागतिक पशुआरोग्य संघटनेची संदर्भ प्रयोगशाळा आहे, आपल्या राज्यातच आहे. पण नमुना तिथवर पाठवायचा तर आधी कुणीतरी तो घ्यायला हवा.

आणि हा रोग संपवता येतो. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे घरोघर आणि रस्तोरस्ती, निदान ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोचायचं असं ठरवून दरवर्षी लस दिली गेली, शाळांतून मुलांना शिकवलं गेलं, प्रत्येक संशयित कुत्र्याचा तपास झाला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे कुत्र्यांमधलं रेबीजचं महिन्याचं प्रमाण ९२ टक्क्यांनी उतरलं. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला. लहान प्राण्यांच्या वैद्यकातलं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं काम हे आहे, आणि त्यात महागडं यंत्र एकही नव्हतं. जे घाटाखाली झालं ते घाटावर व्हायला हरकत काय?

या पेशात येणाऱ्यांना कष्टांची कल्पनाही द्यायला हवी. रात्री दोन वाजता फोन येतो. चावे बसतात, म्हणून स्वतःला रेबीजची लस आधीच घ्यावी लागते. बारा वर्षं सांभाळलेला कुत्रा वेदनेतून सुटावा म्हणून शेवटचं इंजेक्शन आपल्याच हातानं द्यावं लागतं, आणि त्यानंतर लगेच पुढच्या पिल्लाला हसून टेबलावर घ्यावं लागतं. उपचार काय हे माहीत असून मालकाच्या खिशात पैसे नाहीत म्हणून हात आखडावा लागतो, ते सगळ्यात जड जातं. आपल्याकडे प्राण्यांचा विमा काढणारा मालक विरळा.

दुसरं असं की विशेषज्ञ एकटा उभा राहत नाही. त्याच्याकडे केस पाठवणारे साधे डॉक्टर लागतात, आणि पाठवण्यात कमीपणा नाही हे त्यांना पटलेलं असावं लागतं. रतन टाटांना आपल्या कुत्र्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठ गाठावं लागलं होतं. त्या अनुभवाच्या पोटी मुंबईत महालक्ष्मीला १६५ कोटी रुपये खर्चून लहान प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलं, २०२४ मध्ये ते सुरू झालं. मुंबईला ते हवंच होतं. पण निपाणीहून मुंबई रात्रीच्या प्रवासाची आहे, आणि पोटाला पीळ पडलेल्या कुत्र्याजवळ तेवढी रात्र नसते. बेळगाव आणि कोल्हापूर यांच्यामध्ये रक्त चढवण्याची, रात्रीच्या शस्त्रक्रियेची आणि विश्वासू लॅबची एक तरी पक्की सोय असावी. तिथे काम करणारी मुलं-मुली याच भागातली असावीत, मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलणारी. वेदना कुठे आहे हे कुत्रं सांगत नाही, ते मालकाकडूनच काढून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी त्याची भाषा यावी लागते.

शेवटी वाचकांकडे माझं मागणं आहे. तुमच्याकडे कुत्रं किंवा मांजर असेल तर एक साधी वही ठेवा. लस कधी दिली, गोचीड कधी दिसली, वजन किती भरलं, कोणतं औषध किती दिवस दिलं, घरात तंबाखूचं काम आहे का, एवढं तारखेसह लिहा. कारण न कळता ते गेलं आणि डॉक्टरनं शवविच्छेदनाची परवानगी मागितली, तर शक्य असेल तेव्हा द्या. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात येताना ती वही आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत आणा.